घरफोडीचा सांगावा

दुपारी एकचा भोंगा झाला की आमच्या ऑफिसात डबे उघडायचे. नेमके त्याच वेळी भिंगारदिवे स्वतःचा डबा काखेत तसाच धरून माझ्या टेबलापाशी यायचे आणि म्हणायचे, "म्हस्के, काल एकोणीस घरं फुटली. नोंद घ्या."

ऑफिसात नवा माणूस असला की त्याचा घास हातातच राहायचा. एका दिवसात एकोणीस घरफोड्या म्हणजे काय खायचं काम आहे? राहुरीत का नगरात, पोलीस आले का, चोर सापडले का, असं तो विचारायला लागायचा. मग आम्ही त्याला सांगायचो, बाबा, तू जेव. ही घरं इथली नाहीत, इंटरनेटवरची आहेत. ती अमेरिकेत फुटतात, ब्राझीलमध्ये फुटतात, कोरियात फुटतात, आणि त्यांचं सुतक आमच्या कारखान्यात पाळलं जातं.

वसंत भिंगारदिवे आमच्या साखर कारखान्यात संगणक विभागात होते. कारखान्याचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात कारखाने पुष्कळ, तुम्हाला हवा तो धरा. मी मूळचा मिरजगावचा, आणि कारखान्यात आवक-जावक कारकून. आलेलं पत्र आवक रजिस्टरात, गेलेलं पत्र जावक रजिस्टरात, अशी माझी सबंध हयात दोन रजिस्टरांत गेली. अठ्ठ्याण्णव सालच्या सुमाराला कारखान्यात इंटरनेट आलं, ते चेअरमनसाहेबांना साखरेचे परदेशातले भाव बघायचे होते म्हणून. त्यांनी ते एकदाच बघितले. भाव पडलेले होते. त्यानंतर चेअरमन त्या खोलीकडे फिरकले नाहीत, आणि तो फोन, तो मोडेम आणि ती थंडगार खोली एकट्या भिंगारदिव्यांच्या ताब्यात आली.

माणूस उंच, किडकिडीत. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. बोलणं शुद्ध आणि हळू. त्यांना एकच खोड होती. ज्याचं काही बिघडलंय त्याला ते कळलं पाहिजे, आणि ताबडतोब कळलं पाहिजे. कुणाच्या स्कूटरचं स्टँड खाली राहिलं तर हे फर्लांगभर मागे पळणार. कुणाचा सदरा उलटा असला तर आम्ही दिवसभर गंमत बघणार, आणि हे त्याला बाजूला घेऊन हळूच सांगणार. "ज्याचं त्याला कळायला पाहिजे हो," हे त्यांचं पालुपद. आपण म्हणावं, कळेल की घरी गेल्यावर. तर म्हणायचे, "तसं नव्हे. सगळ्यांना माहीत आणि ज्याचं आहे त्यालाच नाही, हे बरं नाही."

एकदा कारखान्याच्या वार्षिक सभेत चेअरमन भाषणाला उभे राहिले आणि माइक बंद पडला. चेअरमनना कळलं नाही. ते तावातावाने हात हलवत होते आणि मागचे चार-पाचशे सभासद सुखाने पान खात होते. इतकी शांत सभा मी पुन्हा बघितली नाही. दहा मिनिटं झाली असतील. भिंगारदिवे उठले, सरळ स्टेजवर गेले आणि म्हणाले, "साहेब, माइक बंद आहे." चेअरमन म्हणाले, "मग आत्तापर्यंतचं?" "आत्तापर्यंतचं कुणालाच ऐकू आलेलं नाही साहेब." वायरमनला बोलावलं गेलं, माइक सुरू झाला, आणि चेअरमननी भाषण पहिल्यापासून सुरू केलं. त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत भिंगारदिव्यांच्या शेजारी कोणी बसेना. मीही बसलो नाही. आता आठवलं की वाईट वाटतं, पण तेव्हा नाही बसलो.

तर अशा माणसाच्या हाती इंटरनेट लागलं.

त्या काळी काही उपद्व्यापी लोक दुसऱ्याच्या साइटमध्ये शिरायचे आणि तिथलं सगळं पुसून स्वतःचं काहीतरी घाणेरडं लिहून ठेवायचे. दाराला काळं फासावं तसं. आणि दुसरे काही हौशी लोक अशा फोडलेल्या साइटींची रोजची यादी करून इंटरनेटवर लावायचे. कुठली साइट, कधी फुटली, वर काय लिहिलं, सगळं फोटोसकट. जगभरचे लोक ती यादी करमणूक म्हणून बघत. भिंगारदिव्यांना ती कुठून सापडली कोण जाणे. पहिल्या दिवशी ते खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "म्हस्के, हजार लोक येऊन बघून गेलेत. खाली आकडा दिलाय. आणि मालकाला कुणी सांगितलंय की नाही, त्याचा रकानाच नाही."

तो रकाना भरायचं त्यांनी ठरवलं. सुरुवातीला ते यादी वहीत हाताने उतरून घेत. लाल पेनाने साइटचं नाव, निळ्याने तारीख. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पत्र भलत्याच्या घरी जाणार, म्हणून प्रत्येक नाव तीनदा तपासायचं. एका दिवसाची यादी उतरेपर्यंत दुसऱ्या दिवशीची घरं फुटलेली असत. मग त्यांनी पुण्याहून एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणली, सुतळीने बांधलेली, आणि प्रोग्राम लिहायला घेतला. आपण प्रोग्राम म्हटलं की ते दुरुस्त करायचे, "प्रोग्राम नव्हे, स्क्रिप्ट." आम्हाला स्क्रिप्ट म्हणजे गणपतीतल्या नाटकाची तेवढी माहीत.

तीन महिने लागले. ही स्क्रिप्ट रोज त्या यादीच्या पानावर जायची, फुटलेल्या साइटींची तेवढी नावं वेचायची, काल येऊन गेलेली गाळायची, उरलेली अक्षरवार लावायची. आणि मग प्रत्येक नावाचा मालक शोधायची. कुठली साइट कुणाच्या नावावर, याचं एक जाहीर दप्तर असतं म्हणे, आपल्या सात-बारासारखं. त्यातून मालकाचा ईमेल उतरवून घ्यायची. पहिल्या खेपेला घोळ झाला. मध्ये टिंब दिसलं की स्क्रिप्टला ती साइट वाटायची, त्यामुळे कुणी साडेदहाची वेळ टिंब देऊन लिहिली तर तीही फुटलेल्यांत जमा. शिवाय यादी लावणाऱ्यांचं स्वतःचं नाव पानाच्या डोक्यावर असायचं, तेही वेचलं जायचं. परिणामी, आपलं घर फुटलं असल्याचं पत्र यादी लावणाऱ्यांनाच आठ दिवस रोज गेलं. भिंगारदिव्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी नववं पत्र दिलगिरीचं पाठवलं.

पत्राचा मसुदा कारखान्याचाच. भाषा इंग्रजी, पण सगळा थाट आपल्या ऑफिसचा. विषय, आपल्या साइटवर झालेल्या घरफोडीबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की. खाली आपला विश्वासू, आणि नाव, पद, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. आणि वर डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक.

"अहो, ईमेलला जावक नंबर लागत नाही," मी म्हटलं.

"जावक नंबर नसलेलं पत्र म्हणजे निनावी पत्र. आधीच बिचाऱ्याचं घर फुटलंय, त्यात निनावी पत्र. घाबरेल तो."

मी नोंदी घ्यायला लागलो. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. डब्याच्या वेळी ते नावं वाचत, मी रजिस्टरात उतरवत असे, आणि चारच्या चहाला कँटीनमध्ये मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. "म्हस्के, कोरियात एक वारलं." पोरं हसून बेजार व्हायची. एकदा मागे वळून बघतो तर भिंगारदिवे हातात कप घेऊन उभे. तेही हसले. म्हणाले, "वारलं म्हणू नका. फुटलं म्हणा. फुटलेलं दुरुस्त होतं."

महिने गेले, हजारावर पत्रं गेली, उत्तर एकाचंही नाही. रोज सकाळी ते आधी ईमेल बघत आणि मग माझ्याकडे येत. पत्रावर टपालाचा पत्ता असल्यामुळे त्यांना वाटायचं, कुणी कागदावरही लिहील. "आवक काही?" ते विचारायचे. मी म्हणायचो, "नाही." तेव्हा ते खरं होतं.

हंगामात त्यांचे वडील आले. अण्णा पाथर्डीकडच्या गावी राहत. गावची ऊसतोडीची टोळी आमच्या कारखान्याला यायची, तिच्या ट्रॅक्टरमध्ये बसून ते लेकाला भेटायला आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला टोपी नाही. भिंगारदिव्यांनी त्यांना हौसेने संगणकाच्या खोलीत नेलं. तिथे चपला बाहेर काढायच्या असत. अण्णांनी काढल्या आणि हातात धरून आत आले. मी नेमका टपाल घेऊन तिथे गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्यादेखत झालं.

भिंगारदिव्यांनी स्क्रिप्ट चालवून दाखवली. पडद्यावर नावं भराभर खाली उतरायला लागली. कुणाकुणाला आपण कसं कळवतो ते त्यांनी समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "अण्णा, ह्याचं नाव मी येसकर ठेवलंय. आज्याची आठवण म्हणून."

येसकर म्हणजे काय ते हल्लीच्या मुलांना सांगावं लागेल. गावाची वेस राखायची, आणि गावात कुणी मेलं की गावोगावच्या सोयऱ्यांना जाऊन सांगावा द्यायचा, ही कामं भिंगारदिव्यांच्या आजोबांच्या माथी जातीनं मारलेली होती. पाटलाने सांगितलं की निघायचं, ऊन असो की चिखल. दाराबाहेर लांब उभं राहून खबर सांगायची, वरून टाकलेली भाकर घ्यायची आणि माघारी फिरायचं. छप्पन साली अण्णांनी धम्म घेतला आणि त्याच साली ते काम सोडलं. गावाने त्यांना धरून मारलं. मग त्यांनी कोयता हाती घेतला, ऊसतोडीला लागले, आणि आमच्याच कारखान्याच्या तळावर पाचटाच्या खोपीत राहून पोराला शिकवलं. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. त्याआधी चार वर्षं मी त्यांच्याबरोबर डबा खात होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं.

अण्णांनी पडद्यावरची नावं खालपर्यंत बघितली. मग म्हणाले, "येसकरकी सोडून चाळीस वरसं झाली, वसंता. तिच्यापायी म्या गावाचा मार खाल्ला. अन् तू ती परत या डब्यात भरली व्हय?"

"तसं नव्हे अण्णा. आज्याला गाव पाठवत होतं. मला कोणी पाठवत नाही. मी माझ्या मर्जीनं सांगतो."

"मर्जीनं. बरं. अन् ज्याला सांगतो त्यो काय म्हनतो?"

"त्याला कळतं. तो दुरुस्त करून घेतो."

"त्ये न्हाई इचारत म्या. उलटून एक शबुद धाडतो का? तुज्या आज्याला कवाच कुनी म्हनलं न्हाई, की बाबा, बरं झालं तू सांगितलं. तुला म्हनलं का कुनी?"

भिंगारदिवे म्हणाले, "अजून नाही."

"मंग काय बदललं?"

अण्णांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या, लेकाच्या पाठीवर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "तसा एक कागद दाव मला. एकच. मंग म्या म्हनंन, पोराचं बराबर हाय, माजं चुकलं."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ वाढली. कृपया पोच द्यावी. पत्र मिळालं, एवढं कळवणारी चार अक्षरं, आणखी काही नको. मी कँटीनमधली नक्कल बंद केली. तेवढं एक मी केलं.

जानेवारीत फॅक्स आला. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचा, वकिलाच्या सहीने, थेट आमच्या एमडींच्या, म्हणजे कार्यकारी संचालकांच्या, नावे. मजकूर असा, की आमच्या साइटवर घरफोडी झाल्याचं आमच्या माणसांना कळायच्या आधी तुम्हाला कसं कळलं? अर्थात फोडणारे तुम्हीच. एमडींनी आधी भिंगारदिव्यांना बोलावलं, मग मला, रजिस्टर घेऊन. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशी ते वाईट असतं तर बरं झालं असतं. दोन हजारांच्या वर नोंदी, एकाखाली एक, मोत्यासारख्या.

"हे काय आहे म्हस्के?"

"साहेब, मला वाटलं ऊस विभागाची पत्रं असतील."

"ब्राझीलला?"

"मला काही माहीत नाही साहेब. ते सांगतात, मी लिहितो."

बोलून गेलो. पोरगी लग्नाची होती, नोकरी सात वर्षं उरली होती, ही सगळी कारणं मला नंतर सुचली. त्या क्षणी मी नुसता घाबरलो होतो. भिंगारदिवे शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "यांना काही माहीत नव्हतं साहेब. मी नोंद घ्या म्हणायचो, ते घ्यायचे. जबाबदारी माझी."

संगणकाच्या खोलीतला फोन काढला गेला. भिंगारदिव्यांची बदली उसाच्या वजनकाट्यावर झाली. आणि एमडी मला म्हणाले, "या प्रकरणाचा एक जरी कागद आला तरी तो आधी माझ्याकडे आणायचा. नाहीतर तुम्हीही काट्यावर."

काट्यावर भिंगारदिवे सुखात असल्यासारखे दिसायचे. ट्रॅक्टर वजनाला आला की आकडा नंतर, आधी ड्रायव्हरला खाली बोलावणार. "मागचं डावं टायर बसलंय. ज्याचं त्याला कळायला पाहिजे." ड्रायव्हर वैतागायचे, कारण मागे पन्नास गाड्यांची रांग, आणि हे प्रत्येकाच्या भोवती एक प्रदक्षिणा घालून येत. पण एवढं खरं की त्या हंगामात तळावर एकही ट्रॉली उलटली नाही. आठवड्यातून एकदा ते ऑफिसवरून जाताना खिडकीत डोकवायचे. "आवक काही?"

फेब्रुवारीच्या शेवटी ते पत्र आलं. निळसर विमानी पाकीट, वर कसल्याशा पक्ष्याचं तिकीट, आणि भिंगारदिव्यांचं नाव, पद, पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं बरोब्बर. आलेलं टपाल ज्याच्या त्याच्या हातात द्यायची आमच्याकडे एक वेगळी वही असते, पोचवही. आल्याची तारीख, पत्र कुणाचं, कुणाला द्यायचं, आणि शेवटच्या रकान्यात घेणाऱ्याची सही आणि त्याच्या हाताने तारीख. हाताला सवयच अशी, की काही विचार करायच्या आत माझी नोंद लिहून झाली. सव्वीस फेब्रुवारी. भिंगारदिवे, वजनकाटा.

आणि मग विचार आले. एमडींकडे नेलं तर ते फाडतील, किंवा भिंगारदिव्यांना घरी बसवतील. परभारे भिंगारदिव्यांना दिलं आणि एमडींना कळलं, तर मी मेलो. शिवाय आतला कागद दुसऱ्या वकिलाचा नसेल कशावरून? माणूस भित्रा असला की त्याला कारणं फार चांगली सुचतात. मी पाकीट टेबलाच्या खणात शिक्क्याच्या डबीखाली ठेवलं. म्हटलं, हंगाम संपू दे, साहेब शांत होऊ देत, मग देऊ.

त्या आठवड्यात ते खिडकीत आले. "आवक काही?" मी म्हणालो, "नाही." पहिल्यांदा जीभ जड झाली. पुढच्या वेळी तेवढी झाली नाही. हंगाम संपला, टोळ्या गावाकडे गेल्या. मग कारखान्याच्या निवडणुका आल्या, त्यात कुणाला काही विचारायची सोय नव्हती. मग मे महिना, साहेब रजेवर. म्हणजे उलट सगळ्यात सोपं. तरी पाकीट खणातच.

मेअखेर भिंगारदिवे खिडकीत आले ते वेगळ्याच आवाजात बोलले. "अण्णा आजारी आहेत. अंथरुणाला खिळलेत. निरोप धाडलाय त्यांनी, कागद आला का म्हणून." आणि थोडं हसले. "पोरासारखं करतात आता."

मी म्हणालो, "येईल हो. परदेशचं टपाल, वेळ लागतो."

ते गेल्यावर मी खण उघडला, पाकीट बाहेर काढलं, उठलोही. दारात एमडींचा शिपाई उभा. काही नाही, पाण्याचा जग न्यायला आला होता. मी पाकीट परत ठेवलं. आयुष्यात मी चुका पुष्कळ केल्या, पण कुठली एक परत फिरवायची असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. तो शिपाई, तो जग आणि मी. पाण्याचा जग न्यायला आलेल्या माणसाला मी भ्यालो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णा गेल्याचं कळलं. भिंगारदिवे आधीच गावी होते. जलदानविधीला आम्ही ऑफिसातले सहाजण जीप करून निघालो. पाथर्डी सोडल्यावर रस्ता असा, की बोलायला गेलं तर जीभ चावली जाईल. मला ते बरंच होतं. मांडीवरच्या पिशवीत ते पाकीट होतं आणि पोचवहीही होती. वही कशाला घेतली म्हणाल तर सांगता येणार नाही. सहीशिवाय पत्र हातातून सोडायचं नाही, हे इतकं अंगात मुरलेलं.

पत्र्याचं घर, दारापुढे मांडव, आत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली अण्णांचा फोटो, पुढे मेणबत्त्या. विधी झाला, जेवणं झाली, आमची मंडळी सावलीत आडवी झाली. भिंगारदिवे मला घेऊन घरामागच्या बाजेवर बसले. म्हणाले, "शेवटचे दोन दिवस बोलणं बंद होतं. पण त्याआधी एकदा विचारलं त्यांनी. मी म्हटलं, अजून नाही. खोटं सांगता आलं असतं, कितीतरी माणसं सांगतात. मला नाही आलं."

मी पिशवीतून पाकीट काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. तिकिटावरचा शिक्का डोळ्यांजवळ नेऊन वाचला. आमच्या पोस्टाचा शिक्का मागच्या बाजूला होता, तोही वाचला. "फेब्रुवारी," ते म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी किल्लीने पाकिटाची कड जपून उघडली. आत दोन्ही बाजूंनी हाताने लिहिलेला एक कागद होता. त्यांनी तो एकदा मनात वाचला आणि मग मला मराठीत सांगितला, हळूहळू, एकेक वाक्य.

कॅनडातल्या कुठल्याशा गावच्या एका म्हाताऱ्या बाईंचं पत्र होतं. त्यांच्या यजमानांनी हयातभर सफरचंदाच्या जुन्या जाती गोळा केल्या होत्या. ते गेल्यावर बाईंनी त्या सगळ्या जातींची माहिती एका साइटवर ठेवली होती. ती साइट कुणीतरी फोडली आणि तिथे घाण लिहिली. अकरा दिवस ती तशीच होती. भाच्याला माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं. बाईंना वाईट वाटेल म्हणून कुणी सांगितलं नाही. अकराव्या दिवशी तुमचं पत्र आलं, असं त्यांनी लिहिलं होतं. तुम्ही मला ओळखत नाही, तरी तुम्ही सांगितलंत. साइट आता दुरुस्त झाली आहे. उत्तराला उशीर झाला, माफ करा, माझा हात थरथरतो. तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार.

भिंगारदिव्यांनी कागद घडीवर घडी घालून परत पाकिटात सरकवला. घरात कुणीतरी भांडी आवरत होतं. मला वाटलं, आता हा माणूस मला विचारील, का? चार महिने दर आठवड्याला तुमच्या खिडकीत येत होतो, का? मी त्याची वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

ते म्हणाले, "वही आणलीय?"

मी वही काढून दिली. त्यांनी पानं उलटून माझी नोंद शोधली. वरच्या आणि खालच्या सगळ्या रकान्यांत सह्या होत्या, तेवढा एक कोरा. खिशातलं निळं पेन काढून त्यांनी सही केली. व. भि. असं आखूड नाही, पूर्ण नाव लिहिलं, मध्ये वडिलांचं नाव घालून. आणि पुढे तारीख टाकली. सव्वीस फेब्रुवारी.

"भिंगारदिवे," मी म्हटलं, "आज एकोणीस जून आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "कागदावर तरी हे पत्र अण्णा असताना येऊ द्या."

मी वही पिशवीत घातली. जीपमध्ये सगळा रस्ता मी माफीची वाक्यं पाठ करत आलो होतो. त्यातलं एकही मला म्हणता आलं नाही.